पाहुणे – 2

नोंदवहीत नावाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘पाहुणे – 2’. पत्ता, ‘पुणे’. कारण, ‘बघायला’. फोनचा रकाना कोरा.

आमचं नवं वर्ष, रोश हशाना, नुकतं झालं होतं, उपासाचा किप्पूर तोंडावर होता. एजन्सीने पाठवलेल्या रखवालदाराने त्या दोघांना आमचा अख्खा प्रार्थनेचा हॉल फिरवून दाखवला होता. मागच्या बोळातलं दार, त्याची कडी नीट बसत नाही ते, मेन स्विच, किल्ली कुठे टांगतो ते, सगळं. किप्पूरला माणसं किती येतात आणि किती वाजता सुटतात, हेही सांगून झालं होतं. मला तो कौतुकाने म्हणाला, ‘साहेब, चहापण पाजला.’ त्याला तरी काय बोलणार? आदल्या आठवड्यापर्यंत तो एका मॉलच्या पार्किंगमध्ये शिट्टी वाजवत होता. ‘कर’ आडनावाचा, मराठी बोलणारा माणूस ज्यू असतो हेच त्याला ठाऊक नव्हतं; मी त्याला इथला मॅनेजर वाटत होतो.

म्हटलं, कॅमेऱ्यात तरी चेहरे सापडतील. स्क्रीनवर फाटक झकास दिसत होतं. तारीख मागे नेली, तर काहीच नाही. हार्ड डिस्क पावसाळ्यातच बंद पडली होती. चित्र दिसत होतं, साठत नव्हतं. आम्ही रोज जाता-येता त्या स्क्रीनकडे बघून निश्चिंत होत होतो.

एजन्सीच्या मालकाला फोन लावला. तो म्हणाला, ‘काका, झालं का काही? नाही ना? मग?’

हे ‘मग?’ अजून माझ्या डोक्यात आहे. पुढे त्याने मलाच समजावलं की तुमचे लोक म्हणजे शांत समाज, तुमच्या वाटेला कोण जाणार. आणि नवी डिस्क हवी तर तिचं वेगळं कोटेशन.

ते दोघे पाहुणे आर्किटेक्चरचे विद्यार्थी असतील, नाही कोण म्हणतं? लाल देवळापुढे, म्हणजे पुण्यातल्या सिनेगॉगपुढे, वही-कॅमेरा घेतलेली मुलं नेहमी दिसतात, आणि ससूनने 1860च्या दशकात बांधलेली वास्तू बघायला यावंच. पण मुंबई हल्ल्याची टेहळणी करणारा डेव्हिड हेडलीही साधा प्रवासी म्हणूनच फिरत होता. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात मुंबईच्या नरिमन हाउसमध्ये, म्हणजे कुलाब्याच्या छाबाड या ज्यू केंद्रात, रब्बी होल्ट्झबर्ग आणि त्यांच्या पत्नी रिव्का यांच्यासह सहा जण मारले गेले. त्यानंतर 2009 मध्ये हेडली पुण्याच्या कोरेगाव पार्कातलं छाबाड हाउस पाहून गेला. 13 फेब्रुवारी 2010 च्या संध्याकाळी तिथून जवळच जर्मन बेकरीत स्फोट झाला, 17 माणसं गेली. जुलै 2023 मध्ये कोथरूडला पोलिसांनी दुचाकी चोर म्हणून धरलेले तरुण दहशतवादाच्या गुन्ह्यातले फरारी निघाले. त्या तपासात कुलाब्याच्या छाबाड हाउसची छायाचित्रं मिळाली आणि तिथला बंदोबस्त वाढवावा लागला.

आमच्यातले वडीलधारे म्हणतात, या देशात आम्हाला कुणी त्रास दिला नाही. अगदी खरं. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या राहिलो, ज्यू म्हणून कुणी खडा मारला नाही. पण नरिमन हाउसवर चालून आलेले काही शेजारी नव्हते. ठेका द्यायच्या आधीच मी म्हटलं होतं, दाराशी आपलं माणूस ठेवा, ज्याला चेहरे ओळखता येतील. तेव्हा आमचे लोक हसले. आता त्यातलेच दोघे मला विचारतात, पाळी कशी लावायची?

तर पाळी अशी लावा की बाहेर उभा राहणारा मिन्यानमध्ये, म्हणजे प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांत, धरायचा नाही. आमच्याकडे दहावा पुरुष कमी पडला की पहिली हाक फाटकावरच्याला जाते, तो टोपी घालून आत येतो आणि फाटक वाऱ्यावर. दहा भरत नसतील तर थांबा, शेजारच्या पेठेतून कुणाला बोलवा, पण त्याला हलवू नका. शब्बाथला फोन बंद ठेवणारे असतात. फाटकावरच्याचा चालू हवा. जीव वाचवायला शब्बाथ मोडता येतो, हे आपल्याच धर्मात सांगितलंय.

पोलीस ठाण्याला सणांची यादी वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी द्या, पोच घ्या. यादीत आदली संध्याकाळ आवर्जून लिहा. आपला दिवस सूर्य मावळल्यावर सुरू होतो हे बाहेरच्याला कसं कळणार? नुसती कॅलेंडरची तारीख दिलीत तर बंदोबस्त दुसऱ्या दिवशी सकाळी येईल आणि किप्पूरच्या आदल्या संध्याकाळच्या कोल निद्रे प्रार्थनेची गर्दी तशीच राहील.

पाहुण्याचं ओळखपत्र बघा आणि त्याने दिलेल्या नंबरावर तिथेच उभ्याउभ्या रिंग द्या. आठवड्यातून एकदा कालचं रेकॉर्डिंग चालवून बघा, आजचं चित्र नव्हे. मागचं दार आतून एका हाताने उघडलं पाहिजे, बाहेरून नाही. 112 नंबर मुलांनाही पाठ असावा. लग्नाच्या आणि मलिदा विधीच्या पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर उधळू नका. बाकी सावध राहा वगैरे सगळेच सांगतात.

एजन्सी नेमायचीच असेल तर खासगी सुरक्षा संस्थांच्या 2005 च्या कायद्याखालचा परवाना मागा आणि येणाऱ्या माणसाची पोलीस पडताळणी झाल्याचा कागद बघा. सणाच्या दिवसांत माणूस बदलायचा नाही, हे करारात लिहून घ्या. आमच्या करारात गणवेशाचा रंगसुद्धा होता, हे मात्र नव्हतं.

त्या मालकाचं बिल जीएसटीसकट आलंय. सोबत एका पत्राचा मसुदा आहे, आमच्या लेटरहेडवर टाईप करून सही-शिक्का मारून द्यायचा: ‘सेवा समाधानकारक’. दुसऱ्या ठिकाणच्या टेंडरला जोडायचंय म्हणे.