हरिश्चंद्रगडी जाण्यापूर्वी

चि. अनिरुद्ध यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. मित्रांसह एका दिवसात हरिश्चंद्रगड पाहून परतण्याचा तुझा मनसुबा आणि त्यासोबत धाडलेली स्थळांची लांबलचक यादी, दोन्ही वाचली. मनसुब्यास माझी संमती आहे, यादीस नाही. एका दिवसाच्या प्रवाशाने काय सोडावयाचे याचा निर्णय घरीच, स्वस्थ चित्ताने करून ठेवावा, कारण माथ्यावरचा वारा लागल्यावर विवेकास फारसे कोणी विचारीत नाही.

तोलारखिंडीची, खिरेश्वराकडील वाट भव्य खरी; परंतु खिंडीनंतरचा कातळ आणि पुढील एकसारख्या दिसणाऱ्या टेकड्या यांत दिवसाचा मोठा हिस्सा खर्ची पडतो, आणि धुके उतरले तर जाणताही तेथे चकतो; यास्तव अकोले तालुक्यातील पाचनईची सौम्य वाट तुम्ही धरावी, आणि मेहनताना आधी मुक्रर करून गावातला एखादा वाटाड्या बरोबर घ्यावा. यात कमीपणा कसला? नकाशा तुझ्याकडे असेल, पण कोणत्या टाक्याचे पाणी आज पिण्याजोगे आहे हे त्यालाच ठाऊक.

तारामतीचे शिखर यादीतून खोड. तो वेळ हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरास दे. ज्या योग्याचे कोरे पत्र आणि ज्याचा गर्व ज्ञानेश्वरांच्या कथेतून आपल्या घरोघरी पोचला, त्या चांगदेवांनी येथे तप केले आणि ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ येथेच रचला, असे शिलालेखावरून कळते. तेव्हा शिखराच्या नक्षीकडे मान वर करून पाहून झाले, की भिंतींवरील अक्षरांपाशीही थोडे थांबावे. शेजारच्या केदारेश्वराच्या गुहेत प्रचंड लिंगाभोवती थंडगार पाणी साठलेले असून, चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. खांब म्हणजे युगे, अशी लोकांची श्रद्धा. तीवर तेथे वाद घालीत बसू नकोस.

राहिला कोकणकडा. आत वळलेली ती अफाट भिंत काठावर उभे राहून दिसतच नाही. पोटावर पालथे पडून, मागे कोणी पाय धरला असताना, डोके तेवढे पुढे करावे, आणि गवत ओले असल्यास तेही करू नये. कर्नल साईक्स याने 1835 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या वृत्तान्तात ज्या वर्तुळाकार इंद्रधनुष्याचे वर्णन केले, ते इंद्रवज्र पाहण्याची तुझी उत्कंठा मी समजू शकतो. परंतु त्यासाठी सूर्य पाठीशी आणि धुके समोरच्या दरीत हवे, आणि कडा पश्चिमाभिमुख असल्यामुळे तो योग सकाळीच संभवतो. तुम्ही पोचाल मध्यान्हीस. तेव्हा ती आशा धरून जाऊ नये.

खरा मोह सूर्यास्ताचा. पश्चिमेस तोंड करून बसलेल्या माणसास ‘आणखी थोडा वेळ’ असे वाटत राहते, आणि मग पाचनईची तीच सौम्य वाट अंधारात, दमलेल्या पायांनी उतरावी लागते. म्हणून वाटाड्यास सकाळीच ताकीद देऊन ठेव, की तीनच्या ठोक्यास त्याने उठावे आणि तुमच्या विनवण्यांस मुळीच भीक घालू नये. सूर्यास्त पाहावयाचाच असेल तर मुक्कामाच्या बंदोबस्तानिशी पुन्हा जा. त्या खेपेस मला आगाऊ कळव. गुडघ्यांनी मुभा दिली तर मीही येईन.

तुझा,
काका