पायाखालचा उजेड

मालवणच्या बाजारात मी ती विजेरी घेतली (आमच्याकडे तिला सरसकट बॅटरीच म्हणतात), तेव्हा तिचा झोत समोरच्या माडाच्या शेंड्यापर्यंत पोहोचतो आणि त्या उजेडात वरचे नारळ मोजता येतात, एवढ्यावरच माझी खातरजमा झाली होती.

त्याच वर्षी मार्गशीर्षात चौक्याकडच्या एका जत्रेला मी आणि माझा १४ वर्षांचा पुतण्या दहिकाला, म्हणजे दशावताराचा खेळ, पाहावयास गेलो होतो. संकासुर येऊन गेला, आख्यान रंगात येऊ लागले, परंतु दुसऱ्या दिवशी त्याची परीक्षा असल्यामुळे मध्यरात्रीच्या सुमारास आम्ही सड्यावरच्या पायवाटेने माघारी निघालो. बॅटरी माझ्या हाती होती. तिच्या झोताच्या मध्यभागी डोळे दिपविणारा पुंजका, त्याभोवती एक काळे कडे आणि त्यापलीकडे पिवळट-निळसर असे फिके वलय होते. पुंजका वीस पावले पुढे पडे आणि आमच्या पावलांपाशी त्या वलयाची जेमतेम कड पोहोचे.

“काकानू, माका कायतरी चावला,” पुतण्या म्हणाला, आणि तेही इतक्या हळू की काटा रुतला असावा असे मला वाटले. उजेड खाली वळवला तो जांभ्याच्या रंगाचे, दीड वितीचे फुरसे वेटोळ्यावर वेटोळे घाशीत करवतीसारखा आवाज करीत होते. पाय न बांधता, न चिरता, त्याला चालू न देता खांद्यावर घेऊन रस्ता गाठला. रुग्णालयात डॉक्टरांनी काचेच्या कोरड्या नळीत त्याचे रक्त घेऊन वीस मिनिटे ती स्थिर ठेवली आणि मग तिरकी केली. रक्त पाण्यासारखे वाहिले. फुरशाचे विष रक्ताची गोठण्याची शक्तीच हिरावून घेते, हे मी ऐकून होतो. ती नळी पाहिली तेव्हा मात्र माझे हातपाय गळाले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सर्पांवर चालणारे प्रतिविष वेळेवर मिळाले, आणि चौथ्या दिवशी मुलगा घरी आला.

फुरसे आमच्या मुलुखाला नवे नाही. एकोणिसाव्या शतकात जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात सरकारने त्याच्यावर इनाम लावले, तेव्हा लाखाच्या हिशेबाने फुरशी मारून आणल्याची दफ्तरी नोंद आहे. ते सड्यावर असणारच, हे गृहीत धरूनच रात्रीच्या उजेडाची तजवीज केली पाहिजे, आणि तीच मी केली नव्हती.

पुढे पुष्कळ विजेऱ्या पारखल्यावर ध्यानात आले की दोष उजेडाच्या कमतरतेचा नव्हता. प्रखर पुंजक्याकडे पाहता पाहता डोळ्याची बाहुली आकुंचन पावते आणि कडेचा मंद उजेड असून नसल्यासारखा होतो. अंधाराला पुरते सरावण्यास डोळ्याला वीस-तीस मिनिटे लागतात, ती मुदत पुंजका क्षणाक्षणाला मोडीत काढतो. दिव्याभोवतीची आरशासारखी गुळगुळीत वाटी प्रकाश एकवटून लांब फेकते. तीच वाटी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत असली किंवा दिव्यावरचे भिंग दाणेदार असले, म्हणजे उजेड मिसळून सपाट पसरतो. दिवा वाटीच्या नाभीवर नीट बसलेला नसला की झोताच्या मधोमध भोक पडते. भिंग पुढेमागे सरकवून झोत लहानमोठा करण्याची सोय असते, त्या विजेरीतून पूर्ण एकवटलेल्या झोतात तर दिव्याचा चौकोनच भिंतीवर उमटतो. वाटेसाठी तो निरुपयोगी.

म्हणून घेताना माडाचा शेंडा पाहू नये. दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात पांढऱ्या भिंतीपासून हातभर अंतरावर बॅटरी धरून ती सावकाश हलवावी. कडे, डाग, रंगीत वलये दिसली तर परत ठेवावी. मग झोत जमिनीवर आणि आपल्या तळहातावर टाकावा. हात मेलेल्या माणसासारखा निळसर दिसला, तर त्या उजेडात तांबडा रंग तोकडा आहे असे समजावे, आणि तांबड्या मातीवर, सुक्या पाल्यात, तपकिरी फुरसे ओळखण्याला तांबडाच रंग लागतो. वेष्टनावर रंगयथार्थतेचा अंक (CRI) ९० किंवा अधिक आणि प्रकाशाचे तापमान ४००० ते ५००० केल्विन असेल तो जिन्नस मी पसंत करतो. ल्यूमेनचे मोठमोठे आकडे नंतर. पावसाळ्यात थंड पांढरा झोत थेंबांवरून उलटून डोळ्यांत येतो, हा आमच्या किनाऱ्यावरचा आणखी एक जाच. खाऱ्या हवेने आतल्या पट्ट्यांवर हिरवा थर चढतो, तो महिन्यातून एकदा पुसावा. बॅटरी कितीही चांगली असली तरी पायात घोटा झाकणारा बूट हवाच. त्या रात्री पुतण्याच्या पायांत चपला होत्या.

ज्यांना नवी घेणे परवडत नाही, त्यांनी जुनीच्या काचेवर ट्रेसिंग पेपरची चकती आतून बसवावी. पल्ला निम्म्याहून कमी होतो, पण पावलांभोवतीची जमीन चांदण्यासारखी सारखी उजळते. माझी ती बॅटरी तशीच कागद लावून पडवीतल्या खुंटीला टांगलेली आहे, आणि रात्री गोठ्याकडे जाताना पुतण्या तीच उचलतो.