गाडीच्या इंजिनचं काम निघालंय: करायचं की गाडीच बदलायची?



आजचा धडा पिकाचा नाही, पीक बाजारात नेणाऱ्या गाडीचा आहे. शिरूर आणि दौंड, दोन्हीकडच्या सभासदांनी विचारलं, "मॅडम, पिकअपचं इंजिन काम सांगितलंय, लाखाच्या पुढं जातंय. करू का गाडी काढून टाकू?"

इंजिन उघडायचं काम मिस्त्रींचं. पण करायचं की नाही हा हिशेब आपला आहे, आणि तो आपण दरवर्षी शेतात करतोच. खोडवा ठेवायचा की मोडायचा हे ठरवताना आपण काय बघतो? नांग्या किती पडल्यात, हुमणी आहे का, जमिनीत दम आहे का आणि पुढं किती टन निघेल. खताची गोणी स्वस्त मिळाली म्हणून कुणी खोडवा ठेवत नाही. गाडीचंही तसंच. फक्त मिस्त्रींचा आकडा बघून ठरवू नका. त्या खर्चात गाडी *अजून किती महिने चालेल* ते बघा. आजच्या धड्याचं सार एवढंच आहे.

दिवाळीनंतर लाल कांदा, तरकारी, गुऱ्हाळाचा माल सगळं एकदम सुरू होतं. आत्ता गाडी आठ-दहा दिवस गॅरेजला उभी राहिली तरी निभावतं. हंगामात भरलेली गाडी वाघोलीच्या किंवा हडपसरच्या गर्दीत बंद पडली तर माल मार्केट यार्डात उशिरा पोचतो आणि त्या दिवसाचा भाव हातचा जातो. म्हणून निर्णय आत्ताच घ्या.

*पायरी १: आधी रोग ओळखा*

कीड न ओळखता फवारणी करत नाही, तसं तपासणी न करता इंजिन उघडू देऊ नका. धूर बघा:

- *काळा धूर:* डिझेल नीट जळत नाही. एअर फिल्टर तुंबलेला, नोझल किंवा पंप बिघडलेला असू शकतो. यात बऱ्याचदा पूर्ण इंजिन काम लागत नाही.
- *निळा धूर, ऑइल कमी होणं:* ऑइल जळतंय. रिंग, बोअर किंवा व्हॉल्व्हकडची झीज. टर्बो असेल तर तोही तपासायला सांगा.
- *पांढरा धूर, पाणी कमी होणं:* पाणी सिलिंडरमध्ये जात असेल. हेड गॅसकेट किंवा हेड बघावं लागेल. थंडीत सकाळी थोडा वेळ पांढरा धूर आला तर लगेच घाबरू नका.

तीन साध्या गोष्टी घरी बघता येतात. एक, इंजिन सुरू ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडा. आतून जोरात भपके येत असतील तर रिंग-बोअर झिजल्याची शंका घ्या. दोन, ऑइलची कांडी काढून बघा. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय, गाडी तिथंच थांबवा. तीन, ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला किंवा खालून ठोके येऊ लागले तर एक किलोमीटरही चालवू नका. बेअरिंगचं काम क्रँकवर जातं आणि खर्च वाढतो. गरम इंजिनच्या रेडिएटरचं झाकण मात्र कधीही उघडू नका, वाफेनं भाजतं.

यानंतर मिस्त्रींना *कॉम्प्रेशन टेस्ट* करायला सांगा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा कागदावर लिहून घ्या. सगळे आकडे सारखेच कमी असतील तर पूर्ण झीज आहे. एकाच सिलिंडरचा कमी असेल तर बिघाड तेवढ्यापुरता असू शकतो. थोडे पैसे या टेस्टला जातात, पण लाखाचा निर्णय अंदाजावर होत नाही. जमलं तर दुसऱ्या मिस्त्रींचंही मत घ्या.

*पायरी २: इंजिनच्या आधी चेसी आणि कागद बघा*

इंजिन नवं झालं तरी चेसी तीच राहते. गाडी रॅम्पवर घेऊन चेसीला गंज, भेगा, वेल्डिंगचे जोड बघा. गिअरबॉक्स, डिफरन्शियल, पाटे, स्टिअरिंग, हौदाचा तळ हेही बघा. पुढच्या वर्षात यांचा काय खर्च आहे तो लिहून काढा. चेसी गेलेली असेल तर इंजिनवर पैसे घालू नका.

मग आरसी बुक काढा. पिवळ्या पाटीच्या मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी पासिंग असतं, त्यानंतर दरवर्षी. पांढऱ्या पाटीच्या गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. गाडी जुनी होईल तशी ही फीसुद्धा वाढते. येत्या वर्षात पासिंग किंवा नूतनीकरण असेल तर आजची फी आरटीओत विचारून तो खर्च हिशेबात धरा.

*पायरी ३: महिन्याचा हिशेब मांडा*

सूत्र सोपं आहे:

*(आज घातलेले पैसे + व्याज − शेवटी गाडीचे येणारे पैसे) ÷ चालणारे महिने*

एक गोष्ट विसरू नका. जुनी गाडी आज आहे तशी ८० हजारांना जात असेल आणि तुम्ही ती ठेवली, तर ते ८० हजारही तुम्ही तिच्यात घातलेत असं धरायचं.

खालचे आकडे *फक्त नमुन्याचे* आहेत. तुमचे आकडे तुम्ही टाका.

*अ) पूर्ण इंजिन बांधणं:* खर्च १,१०,००० + गाडीचे ८०,००० − तीन वर्षांनी येणारे ६०,००० = १,३०,०००. ३६ महिन्यांनी भागलं तर *महिना साधारण ३,६००*.

*ब) तात्पुरतं काम, फक्त रिंग-गॅसकेट:* खर्च ४०,००० + ८०,००० − ७०,००० = ५०,०००. झिजलेल्या बोअरवर हे काम आठ महिने टिकलं तर *महिना ६,२५०*.

*क) जुनी पण चांगली गाडी घेणं:* किंमत ३,५०,०००. आपली गाडी ८० हजारांना देऊन उरलेल्या २,७०,००० चं कर्ज १२ टक्क्यांनी चार वर्षं काढलं तर व्याज साधारण ७१,०००. चार वर्षांनी गाडीचे १,५०,००० आले तर खर्च २,७१,०००. ४८ महिन्यांनी *महिना साधारण ५,६५०*.

*ड) नवी गाडी:* किंमत ९,००,०००, कर्ज ८,२०,०००, १० टक्के, पाच वर्षं. व्याज साधारण २,२५,०००. पाच वर्षांनी ४,५०,००० आले तर खर्च ६,७५,०००. *महिना ११,२५०*. हातातून जाणारा हप्ता तर १७,४०० च्या आसपास.

आता नीट बघा. सगळ्यात लहान बिल "ब" चं आहे, पण महिन्याला ते "अ" पेक्षा बरंच महाग पडतंय. म्हणजे स्वस्त काम नेहमी स्वस्त नसतं. बिघाड खरंच एकाच ठिकाणी असेल आणि बोअर चांगला असेल तर लहान काम बरोबर आहे. म्हणून पहिल्या पायरीतली टेस्ट महत्त्वाची.

आणि उलटंही बघा. चेसी गेलेली आहे आणि पूर्ण इंजिन बांधूनही गाडी एकच वर्ष चालणार असेल, तर तेच १,३०,००० बारा महिन्यांवर पडतात: *महिना १०,८००*. इंजिनचा खर्च तोच, पण महिने कमी झाले की सगळं गणित फिरतं.

नव्या गाडीचा हिशेब पूर्वी काढून ठेवला असेल तर परत मांडा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. शिवाय १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत सेन्सर आणि धुराची वेगळी यंत्रणा असते. त्यामुळे रस्त्याकडेच्या प्रत्येक गॅरेजला त्यांचं काम जमेल असं नाही. आणि कांद्याचा भाव पडला तरी हप्ता कमी होत नाही. भाव पडलेल्या महिन्यातही हप्ता भरता येईल का, हे घरात बसून ठरवा.

*भाड्याच्या गाडीशीही तुलना करा.* समजा "अ" चे ३,६०० आणि विमा, टायर, किरकोळ काम मिळून ४,०००, असा महिना ७,६०० खर्च आहे. डिझेल आणि ड्रायव्हर धरून स्वतःच्या गाडीनं एका फेरीला भाड्यापेक्षा १,२०० वाचत असतील, तर महिन्याला किमान सात फेऱ्या व्हायला हव्यात. शिरूरहून गुलटेकडी जाऊन-येऊन साधारण १४० किलोमीटर होतात. तुमच्या खऱ्या फेऱ्या मोजा, हंगामाच्या आणि रिकाम्या महिन्यांची सरासरी काढा. तीन-चारच फेऱ्या होत असतील तर शेजारच्या दोघा-तिघांनी मिळून भाड्याची गाडी करणं परवडतं.

*पायरी ४: काम द्यायचं ठरलं तर*

१. लेखी अंदाजपत्रक घ्या. लेथचं काम, सुटे भाग, गॅसकेट सेट, ऑइल, मजुरी वेगवेगळी लिहून घ्या.
२. "उघडल्यावर क्रँक किंवा हेड खराब निघालं तर किती वाढेल?" हे आधी विचारा. ठरलेल्या रकमेच्या वर गेलं तर *फोन करून विचारल्याशिवाय पुढचं काम नाही*, असं सांगून ठेवा.
३. काढलेले जुने भाग परत मागा. सुट्या भागांची बिलं आणि वॉरंटी घ्या.
४. बांधलेल्या इंजिनला सुरुवातीला पूर्ण लोड देऊ नका. मिस्त्री सांगतील तितके किलोमीटर हलका माल, आणि पहिलं ऑइल-फिल्टर वेळेवर बदला. आत्ता काम केलं तर हे हंगामाआधी उरकतं.

*जुन्या बाजारातलं तयार इंजिन* घेणार असाल तर जास्त सावध. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवावा लागतो. इंजिनचं बिल आणि ते ज्या गाडीचं होतं तिचे कागद नसतील तर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. ते चोरीच्या गाडीचं निघू शकतं. नंबर जुळला नाही तर पासिंगला आणि विम्याच्या क्लेमला अडतं. विमा कंपनीलाही लेखी कळवा.

*पायरी ५: इंजिन का गेलं, ते शोधा*

हे राहिलं तर बांधलेलं इंजिनही जाईल. आपल्या भागात तीन कारणं कायम दिसतात.

*पाणी.* ड्रिपच्या नळ्या ज्या क्षारांनी बंद होतात, तेच बोअरचं पाणी आपण रेडिएटरमध्ये ओततो. आत पांढरा थर बसतो, इंजिन तापतं, हेड वाकतं. कंपनीनं सांगितलेला कूलंट वापरा. इंजिन काम करताना रेडिएटर साफ करून घ्या, थर्मोस्टॅट आणि पंखाही तपासा.

*धूळ.* पाणंद रस्त्याची बारीक माती एअर फिल्टर चुकवून आत गेली की रिंग आणि बोअर घासते. फिल्टर फाटलेला नको, त्याचा पाइप सैल नको.

*लोड.* छोटा हत्ती म्हणजे टाटा एस २००५ मध्ये आला तेव्हा त्याला दोन सिलिंडरचं ७०२ सीसीचं इंजिन होतं आणि भार क्षमता ७५० किलो. म्हणजे ५० किलोच्या १५ गोण्या. त्यावर ३० गोण्या टाकल्या तर एक फेरी वाचते, पण इंजिन, क्लच आणि ब्रेक तिघांचंही आयुष्य कमी होतं. आणि घाटात ब्रेक लागला नाही तर प्रश्न इंजिनचा राहत नाही.

*थोडक्यात*

- चेसी चांगली, कागद चालू, झीज फक्त इंजिनमध्ये: *पूर्ण काम करा.*
- बिघाड एकाच ठिकाणी, बाकी सिलिंडर चांगले: *तेवढंच काम करा.*
- चेसी गंजलेली, गिअरबॉक्सचंही काम, पासिंग तोंडावर: *गाडी काढा.* भंगारात द्यायची तर सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात द्या आणि ठेव प्रमाणपत्र घ्या. नवी गाडी घेताना त्यावर काय सवलत मिळते ते आधी विचारून ठेवा. गाडीची नोंद आरटीओत रद्द झाल्याची खात्री करा, नाहीतर ती तुमच्याच नावावर राहते.
- फेऱ्या कमी: *भाड्याची गाडी बघा.*

*या आठवड्याचं काम:* एका कागदावर चार आकडे लिहा. कॉम्प्रेशनचे आकडे, लेखी अंदाजपत्रक, गाडीची आजची किंमत आणि महिन्याच्या सरासरी फेऱ्या. कागदाचा फोटो या नंबरवर पाठवा किंवा संकलन केंद्रावर घेऊन या. बसून हिशेब मांडू. निर्णय तुमचा आणि घरच्यांचा, पण आकडे समोर ठेवून घ्या.

कर्ज काढायचं असेल तर हा हिशेब झाल्यावरच सही करा.


कृषी सल्ला विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी