नवा बोर्ड बसवल्यानंतर

यवतमाळ

चि. बंडूस,


ताईशी काल बोलणं झालं. नवा मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम बसवलीस, पंखे फिरतात, पण पडद्यावर अक्षर उमटत नाही आणि यापायी तुझं जेवणातही लक्ष नाही, असं म्हणाली. फोनवर सांगितलेलं घाईत विसरलं जातं, म्हणून लिहूनच पाठवतो. मशीनशेजारी कागद ठेवून वाच.

बोर्ड बदललास ते बरोबरच केलंस. विंडोज 10 ची नेहमीची मोफत सुरक्षा दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 ला संपली आणि तुझा जुना संच विंडोज 11 घ्यायला तयार नव्हता. गावातल्या लोकांचे पीकविम्याचे फॉर्म तू भरतोस, कपास किसान अ‍ॅपवरची नोंदणी करून देतोस. त्यांचे सातबारे, आधार, पासबुकं त्या मशीनवर आहेत. ते तसंच चालू ठेवणं योग्य नव्हतं.

आता काळ्या पडद्याचं बघू. सगळं एकदम उचकटू नकोस. बोर्ड, प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एकच पट्टी आणि मॉनिटर, एवढ्यावरच चालू करून बघ. बोर्डाला वीज दोन ठिकाणी लागते. एक 24 पिनांचा मोठा जोड, दुसरा प्रोसेसरजवळच्या कोपऱ्यातला, बहुधा 8 पिनांचा. हा दुसरा राहून गेला की पंखे फिरत राहतात आणि पडदा काळाच राहतो. नव्या जुळणीत सर्रास हे होतं. मग रॅम. पट्टी दोन्ही टोकांना सारखी दाबायची, टक् असा आवाज येईपर्यंत. वरून बसलेली दिसते, पण एक टोक केसभर वर असतं, आणि तेवढं पुरतं. एकच पट्टी लावताना बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरी खाच वापरतात. सोबतच्या पुस्तिकेत बघून घे. प्रोसेसर इंटेलचा असेल आणि नावाच्या शेवटी एफ असेल, तर त्यात चित्र दाखवणारा भागच नसतो. मग बोर्डाच्या एचडीएमआयला केबल लावून उपयोग नाही, ग्राफिक्स कार्ड लागेलच.

आणि रॅम डीडीआर5 असेल तर ही गोष्ट नीट ध्यानात घे. पहिल्यांदा चालू केल्यावर बोर्ड रॅमशी स्वतःला जुळवून घेतो. त्याला कधी कधी काही मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ पडदा काळाच असतो. आपण घाबरून बटण दाबतो, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दहा मिनिटं हात मागे बांधून उभा राहा. दर वेळी एकच गोष्ट बदल, चालू करून बघ, काय झालं ते वहीत लिही.

प्रत्येक बदल मात्र प्लग काढून कर. प्लग काढल्यावर चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धर, म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. वीज पुरवणारा एसएमपीएसचा डबा तर कधीच उघडायचा नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेवर व्होल्ट साठतात आणि वीज बंद केल्यावरही काही वेळ तिथेच असतात.

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, असंही तू मागे म्हणाला होतास. ते तू सहज सांगितलंस, मला ते सहज वाटत नाही. एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे थोडी वीज पत्र्यावर येते आणि ती जमिनीत जायला अर्थिंग लागतं. कॅबिनेटच्या उघड्या स्क्रूला टेस्टर लाव. दिवा लागला तर अर्थिंग तुटलंय किंवा अर्थिंगचा खड्डा सुकलाय. आपल्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडतो, आणि पावसाळ्यापर्यंत कुणी त्याच्याकडे बघत नाही. परवानाधारक वायरमन बोलावून तपासून घे. तीन पिनांच्या प्लगची तिसरी पिन काढून दोन पिनांवर चालवणारे लोक मी पाहिलेत. तसलं आपल्या घरात नको. शिवाय तुमच्या वणीत कोळशाची काळी भुकटीही घरात येते, तीही पंख्यात साचते. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेव.

आता जे सांगण्यासाठी मी खरं लिहायला बसलो ते. मशीन चालू होईल, पण त्यानंतरचा तास सर्वांत धोक्याचा असतो, कारण माणूस थकलेला असतो आणि काम उरकायची घाई असते. बोर्ड बदलल्यामुळे विंडोज म्हणेल, माझा परवाना गेला. कुणी तरी फुकटचा अ‍ॅक्टिव्हेटर पाठवेल आणि त्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगेल. जे चालवायला पहारेकऱ्याला झोपवावं लागतं, ते मशीनवर घ्यायचंच नाही. जुनी ड्राइव्ह लावलीस आणि ती एन्क्रिप्ट केलेली असेल, तर ती उघडायला 48 आकडी रिकव्हरी की मागेल; ती बहुधा तुझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडेल. त्यासाठी गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधू नकोस. तिथे बनावट नंबरही असतात; समोरचा गोड बोलून एनीडेस्क टाकायला लावतो आणि मशीन त्याच्या हातात जातं. घड्याळ मागे गेलं असेल तर चांगल्या साइटीही सुरक्षित नाहीत म्हणून दिसतील. तेव्हा 'तरीही पुढे जा' दाबायचं नाही, तारीख दुरुस्त करायची. दर वेळी मागे जात असेल तर बोर्डावरची सीआर2032 बॅटरी बदल.

व्हॉट्सअ‍ॅपवर पीएम किसान किंवा आरटीओ चलान अशा नावाची एपीके फाइल आली तर तू तर उघडणार नाहीसच, पण तुझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला तोंडी सांग. ती फाइल मेसेज वाचायची परवानगी मागते आणि ओटीपी थेट चोराकडे जातो. कुणाचे पैसे गेलेच तर त्याला रागावत बसू नकोस. आधी सायबर फसवणुकीच्या 1930 ला फोन लाव, मग बँकेला. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी थांबवता येतात, म्हणून पहिले तास मोलाचे. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकात असं ठरलं होतं, की बँकेची आणि आपलीही चूक नसताना तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार येत नाही. पण ओटीपी आपणच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, असंही त्यात होतं. लाजेपायी लोक कळवत नाहीत, ती लाज तू त्यांची घालव.

जुनी हार्ड डिस्क भंगारवाल्याला देऊ नकोस. फाइली डिलीट केल्या तरी त्या सहज परत काढता येतात, आणि त्यातले कागद गावाचे आहेत. गणपतीला येशील तेव्हा ती घेऊन ये, आपण दोघं मिळून पूर्ण पुसू. आणि अर्थिंग तपासून झाल्याशिवाय कॅबिनेटला हात लावू नकोस.

तुझा,
मामा