बिल आल्यावर सुचलेलं शहाणपण

मास्तरकी संपवून नंदुरबारला घर केलं. गेल्या मे महिन्याच्या बिलाने मात्र मलाच पुन्हा शाळेत बसवलं.

१. वीज सांगून वाचत नाही. सातपुड्यातल्या आश्रमशाळेत मी फळ्यावर झोकदार अक्षरात 'वीज वाचवा' लिहायचो आणि पंखा चालू ठेवून वर्गाबाहेर पडायचो. मागे राहून बटण बंद करायची चौथीतली एक मुलगी. तिच्या घरी एकच दिवा होता. तिला सुविचाराची गरज नव्हती.

२. आपण भलत्यालाच चोर समजतो. ओट्यावरचा दिवा राहिला की मी बायकोवर करवादायचो. मग महिनाभर मीटरचा आकडा वहीत टिपला, हिशेब मांडला. एका युनिटमध्ये ९ वॅटचा दिवा शंभराहून जास्त तास जळतो. माझा २००० वॅटचा गिझर तेवढंच युनिट अर्ध्या तासात पितो. तो लावून मी पेपर वाचत बसायचो. बायको हिशेब बघून काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

३. वरची युनिटं महाग पडतात. शंभरापर्यंत एक दर, त्यापुढे तीनशेपर्यंत चढा, मग आणखी चढा. हे बिलावरच छापलेलं असतं. मी फक्त रक्कम वाचून कपाळावर हात मारायचो. जुना ७५ वॅटचा पंखा काढून ३० वॅटचा लावला तो त्यानंतर.

४. आकडा डोळ्यांसमोर हवा. केनिया, दक्षिण आफ्रिकेतल्या शहरांत कित्येक घरी पैसे भरून वीस अंकी टोकन घेतात आणि ते मीटरमध्ये टाकतात. किती युनिटं उरली ते घरातच दिसतं. माझं काम चाळीस पानी वहीने केलं. नातू त्या वहीला 'आजोबांचं प्रगतिपुस्तक' म्हणतो.

५. कमी विजेत किती मावतं, ते पाहायला लांब जावं लागत नाही. आपल्याच अक्राणी तालुक्यात, बिलगावला, लोकांनी २००३ साली श्रमदानाने उदई नदीच्या धबधब्यावर १५ किलोवॅटची वीजनिर्मिती उभी केली होती. २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगवट्याखाली ती गेली. १५ किलोवॅट म्हणजे माझ्या गिझरसारखे साडेसात गिझर. तेवढ्यात गावातले पाडे उजळले होते.

हल्ली आंघोळ आधी, पेपर नंतर.