पत्रा १९३१ चा, इंजिन १९५१ चं

दक्षिण कॅलिफोर्नियात, घराच्या गॅरेजमध्ये, गेली काही वर्षं मी एक हॉट रॉड, म्हणजे जुनी गाडी फेरफार करून वेगवान केलेली, बांधतोय. बॉडी आणि चासी १९३१ च्या फोर्ड मॉडेल ए-ची, इंजिन १९५१ च्या फोर्ड व्ही-८ चं, ब्रेक १९४० चे, गिअरबॉक्स १९३९ चा, स्टिअरिंग फोर्डच्याच एका एफ-१ पिकअपचं. सगळं भंगारातून नाहीतर जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून आलेलं. गाडी आता रस्त्यावर धावते, काम मात्र संपलेलं नाही. या कामात जे उमगत गेलं ते सुचेल तसं सांगतो.

१. हॉट रॉड हा पैसेवाल्यांचा शौक म्हणून जन्मला नाही, हे मला इथं येऊन बऱ्याच वर्षांनी समजलं. प्रदर्शनातल्या गाड्या पाहाव्यात तर चकचकीत, बॉनेटवर ज्वाळा रंगवलेल्या. पण १९३० च्या दशकातल्या मंदीत इथल्या पोरांकडे नवी गाडी घ्यायला पैसे नव्हते, आणि जुन्या फोर्ड गाड्या मात्र जागोजागी पडून होत्या. १९०८ ते १९२७ या काळात मॉडेल टी दीड कोटींच्या वर निघाल्या, तिच्यामागून १९३१ पर्यंत जवळपास ४८ लाख मॉडेल ए. त्यातली एखादी मिळवायची, मडगार्ड आणि बॉनेट उतरवून वजन कमी करायचं, इंजिनावर मेहनत घ्यायची आणि म्युरॉकच्या आटलेल्या तलावाच्या सपाट तळावर पळवायची. अशा पोरांच्या क्लबांनी मिळून १९३७ साली सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली; एल मिराजच्या कोरड्या तलावावर तिच्या शर्यती आजही होतात. दुसरं महायुद्ध संपल्यावर लढाऊ विमानांच्या जादा पेट्रोलच्या टाक्या भंगारात आल्या, तर १९४६ मध्ये बिल बर्क या हॉट रॉडवाल्यांनी तशी एक टाकी उचलून तिचीच गाडीची बॉडी केली. हवा कापायला घडवलेला आकार आयता हाती आला होता, तो त्यांनी ओळखला. माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नर होते. बाजारात न मिळणारा भाग लेथवर करून द्यायचा, यात त्यांचं आयुष्य गेलं. बर्क यांच्या टाकीची हकीकत कळली तेव्हापासून ही माणसं मला परकी वाटली नाहीत.

२. गाडी पळवण्याआधी ती थांबवता आली पाहिजे. आमच्या गल्लीत ऐंशी ओलांडलेले एक वेल्डर राहतात, तरुणपणी एल मिराजला गाड्या नेलेले. इंजिन दाखवायला मी त्यांना बोलावलं, तर ते थेट चाकांपाशी बसले. मॉडेल ए-चे ब्रेक सळ्यांनी ओढले जातात. फोर्डने तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक ब्रेक १९३९ साली दिले, इतर मोठ्या कंपन्यांच्या मागून. म्हणून ते किंवा त्यानंतरच्या काही सालांचे ब्रेक मॉडेल ए-ला बसवायची इथं जुनी रीत आहे. वेग दुप्पट झाला की थांबवताना जिरवावी लागणारी ऊर्जा चौपट होते. शाळेत शिकलेलं हे सूत्र मला पुन्हा भेटलं ते ब्रेकच्या ड्रममध्ये हात घातल्यावर. इंजिन स्टँडवर तसंच झाकून ठेवलं आणि पुढचे कित्येक महिने फक्त ब्रेक, एक्सल आणि पाटे यांचं काम केलं. पाहुण्यांना त्यात बघण्यासारखं काहीच नसायचं. मला मात्र या गाडीतलं सगळ्यात जवळचं काम तेच वाटतं.

३. कुठलाही भाग एकटा बदलत नाही. या गाडीनं मला शिकवलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट, आणि ती मी अजून शिकतोच आहे. मॉडेल ए-चं मूळ इंजिन चार सिलिंडरचं, ४० अश्वशक्तीचं. माझं १९५१ चं आठ सिलिंडरचं व्ही-८ कारखान्यातून निघालं तेव्हा १०० अश्वशक्तीचं होतं. कागदावर ही अदलाबदल एका ओळीत मावते. आता मूळ गाडीतली पेट्रोलची टाकी पाहा: ती डॅशबोर्डच्या पुढे, चालकाच्या गुडघ्यांच्या वरच्या अंगाला असते. जुन्या इंजिनाचा कार्ब्युरेटर खाली असल्यामुळे पेट्रोल आपल्याच वजनानं उतरायचं, पंपाची गरजच नव्हती. व्ही-८ चे कार्ब्युरेटर इंजिनाच्या डोक्यावर बसतात, म्हणजे पेट्रोल आता वर चढवायला हवं. पंप आला. पंप आलाच आहे तर पायांवर टाकी कशाला, म्हणून ती मागे गेली. टाकी मागे गेल्यावर पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब ठेवून आणायची, म्हणून एक्झॉस्टचा मार्ग फिरला. इकडे इंजिन रुंद, म्हणून जुनं स्टिअरिंग अडायला लागलं. नव्या इंजिनाला मॉडेल ए-चा रेडिएटर अपुरा, म्हणून तो मोठा. आणि चासीचे लांबट गर्डर मुळात एका बाजूनं उघडे, पातळ पत्र्याचे; १०० अश्वशक्तीचा पीळ त्यांना सोसवेना. त्यांच्या उघड्या बाजूला आतून पट्ट्या बसवून ते बंद पेटीसारखे करावे लागले. हे वेल्डिंगसुद्धा एका दमात करायचं नसतं. इंचभर इथं, मग दुसऱ्या टोकाला इंचभर, मधे थंड होऊ द्यायचं. नाहीतर तापलेला गर्डर ओढला जाऊन वाकतो आणि मग चारही चाकं जमिनीला सारखी टेकत नाहीत. फोर्डच्या इंजिनिअरांनी ही गाडी आखली तेव्हा टाकी, कार्ब्युरेटर, गर्डर यांनी एकमेकांना सांभाळून घेतलं होतं. त्यातलं एक मी काढलं आणि त्यांनी केलेला सगळा विचार मला नव्यानं करावा लागला. त्या माणसांविषयी आदर माझ्या मनात आला तो इथं.

४. गंजाशी झगडायचं नसतं, त्याला वेळ द्यायचा असतो. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी हवेत जुना पत्रा टिकतो; बर्फावर मीठ टाकणाऱ्या राज्यांतून आलेल्या गाड्यांचा तळ हाताला भुगा लागावा असा झालेला असतो. तरी ऐंशी-नव्वद वर्षं बसलेला नट सहजी सुटत नाही. पान्ह्याला पाइप लावून जोर केला की बोल्टचं डोकं उडतं. त्या वेल्डर आजोबांनी दाखवलेली पद्धत अशी: गॅसच्या ज्योतीनं नट लालसर होईपर्यंत तापवायचा, ज्योत बाजूला घ्यायची, लाली उतरली की मेणबत्तीचं टोक नटाच्या कडेला टेकवायचं. मेण वितळून आट्यांमध्ये ओढलं जातं, बारीकसा धूर येतो. मग पान्हा लावून आधी किंचित आवळायचा, मग सैल करायचा, पुन्हा आवळायचा. कधी तरी हाताला जाणवतं की तो हलला. त्या क्षणाचा आनंद मला अजून जुना झालेला नाही. छोट्या भागांसाठी धुण्याचा सोडा पाण्यात घालून बॅटरी चार्जर लावतो: वजा टोक भागाला, अधिक टोक साध्या लोखंडाच्या तुकड्याला. तिथं स्टेनलेस स्टील लावू नये, त्यातल्या क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यात उतरतात. आणि हायड्रोजन सुटतो म्हणून हे उघड्यावरच करावं. सकाळी ब्रशनं घासलं की काळ्या थराखालून कारखान्यात ठोकलेले आकडे वर येतात.

५. माझ्या गावच्या, कोल्हापूरच्या फाउंड्र्यांची या इंजिनाशी गाठ पडेल, असं मनातही आलं नव्हतं. फोर्डने १९३२ मध्ये व्ही-८ आणलं ते अख्खा ब्लॉक एकसंध ओतून, आणि तेही सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत. ओतकाम पाहिलेल्याला त्यातली अडचण कळते: पाणी फिरण्याच्या पोकळ जागा वाळूच्या कोअरनी घडवायच्या आणि नंतर ती वाळू काढायची. सगळी निघत नाही. माझा ब्लॉक धुताना भोकांतून चहाच्या गाळासारखा काळपट चिखल येत राहिला. तो बोटांवर चोळला तर गंजाबरोबर कोअरची वाळू लागली. लहानपणी उद्यमनगरात पायांना चिकटायची तीच. या इंजिनात एक्झॉस्टच्या वाटा ब्लॉकमधूनच, पाण्याच्या पोकळीला भेदून बाहेर जातात, त्यामुळे उष्णता आतच मुरते. त्यात ही वाळू राहिली तर पाणी फिरत नाही आणि इंजिन तापतं. व्हॉल्व्हची बैठक आणि सिलिंडर यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत हे ब्लॉक हमखास तडकतात. म्हणून पैसे खर्च करण्याआधी ब्लॉक चुंबकीय करून त्यावर लोखंडाची बारीक पूड टाकतात. जिथं तडा असेल तिथं पूड रेघ धरते. वर्कशॉपमधल्या तंत्रज्ञानं आठही जागांवर पूड टाकली, फुंकली, आणि कुठंच रेघ उठली नाही. त्या दिवशी वडिलांना फोन लावला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो सिलिंडरचा बोअर किती झिजलाय याचा.

६. पूर्ण, धडधाकट गाडी कापू नये. माझं हे मत पक्कं आहे. जिची मूळची घडी शाबूत आहे ती जशीच्या तशी दुरुस्त करावी. हॉट रॉडसाठी पुन्हा न जोडता येणाऱ्या, अर्ध्यामुर्ध्या उरलेल्या गाड्या भरपूर आहेत. आणि आजकाल १९३१ च्या मॉडेलची नवी कोरी स्टीलची बॉडीसुद्धा विकत मिळते. घेणाऱ्यांनी घ्यावी, मला मात्र पत्र्यावर आधीच्या माणसांनी ठोकलेले घाव दिसायला हवे असतात.

७. पोमोनाच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात माणसं उजाडायच्या आत टॉर्च घेऊन फिरतात. मी स्ट्रॉमबर्ग ९७ कार्ब्युरेटर शोधत होतो. अंगावरच ९७ हा आकडा ओतलेला असतो, आतल्या गळ्याचा व्यास इंचाच्या ०.९७ म्हणून. एका विक्रेत्यानं मी उचललेला कार्ब्युरेटर परत घेतला, तळाचा बारीक तडा दाखवला आणि म्हणाला, हा तुझ्या कामाचा नाही, चार ओळी पलीकडे विचार. तो कार्ब्युरेटर मला खपवणं त्याला सहज जमलं असतं. या बाजारातली बरीच माणसं अशी आहेत. गाड्या धावत राहाव्यात, एवढीच त्यांची इच्छा.

८. दिसणं आणि चालणं यांचं जमवावं लागतं. पुढून खाली झुकलेली हॉट रॉड देखणी दिसते. पण पुढची चाकं ज्या किंगपिनवर वळतात त्याचं वरचं टोक थोडं मागं कललेलं हवं, साधारण ५ ते ७ अंश. या कलामुळेच स्टिअरिंग आपोआप सरळ होतं. गाडी पुढून खाली घेतली की हा कल कमी होतो, आणि त्यात किंगपिन झिजलेले असले तर ठरावीक वेगाला पुढची चाकं अशी थडथडतात की स्टिअरिंग धरवत नाही. मी गाडीचा झुकाव ठेवला, पण एक्सलचा कोन नव्यानं बसवून घेतला.

९. आपण केलेलं लिहून ठेवावं. ही चासी माझ्याकडे आली तेव्हा तिच्यावर कुणाच्या तरी हातच्या जुन्या वेल्डिंगच्या रेघा होत्या. काम नीट होतं, पण कशासाठी केलं होतं हे कळायला मला फार वेळ लागला. म्हणून डॅशबोर्डखाली एक वही ठेवली आहे, इंग्रजीत, पुढचा मालक कुणीही असो. ब्रेकचे सिलिंडर १९४० च्या फोर्डचे मागवावेत. वायरिंग मूळचं ६ व्होल्टचं, ते १२ व्होल्ट केलं आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळ्या सालांचे असल्यानं मधे अडॅप्टर आहे, त्याचं मापासकट चित्र शेवटच्या पानावर. चासीचा मूळ नंबर डाव्या गर्डरच्या वरच्या अंगाला, बॉडीच्या खाली झाकलेला आहे. बॉडी उचलल्याशिवाय दिसत नाही, म्हणून त्याचा फोटो चिकटवला आहे. छत कापून खाली घ्यायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही. वहीत त्यासाठी दोन पानं कोरी सोडली आहेत.