संघ चालवणाऱ्याचंही करिअर असतं

मुलगी किंवा मुलगा खेळात रमला की टेंभी नाक्यापासून डोंबिवलीपर्यंत घरोघरी एकच काळजी: खेळून पोट भरेल का? या प्रश्नात फक्त खेळाडू दिसतो. त्याचा संघ उभा करणारा, पैशांचा मेळ घालणारा आणि त्याला नापास होऊ न देणारा माणूस दिसत नाही. खरी, टिकाऊ नोकरी त्याची असते.

बेसबॉल घ्या. मैदानात नऊ जण उतरतात, पण पिचरचा खांदा रोज तेवढाच भार सोसत नाही, म्हणून संघ मोठा ठेवावा लागतो. अमेरिकेत तर याचं शास्त्रच झालं आहे. तिथल्या वरच्या श्रेणीतल्या कॉलेजांना २०२४-२५ पर्यंत बेसबॉलच्या अख्ख्या संघासाठी मिळून फक्त ११.७ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत. त्या तुकड्या-तुकड्यांनी वाटणं हे प्रशिक्षकाचं मोठं कसब. एका न्यायालयीन तडजोडीनंतर २०२५-२६ पासून ती लागू करणाऱ्या कॉलेजांत शिष्यवृत्तीची ही मर्यादा गेली, पण खेळाडूंची संख्या ३४ वर बांधली गेली. आता कोणाला घ्यायचं यापेक्षा कोणाला वगळायचं, हा निर्णय जड जातो.

आपल्याकडे हे सगळं जिमखान्यात चालतं. चेंदणीचं बांदोडकर कॉलेज असो की कल्याणचं बिर्ला, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला संघ पाठवायचा तर पात्रतेचे कागद, प्रवासभत्ता, किटची कोटेशनं, ऑडिटला टिकणारी बिलं आणि सामन्यांच्या तारखांवर येणाऱ्या परीक्षा हे सारं कोणीतरी सांभाळावंच लागतं. खेळाडूची एटीकेटी लागली तर पालक जाब विचारतात तोही याच माणसाला, आणि ते रास्तच आहे.

या पदाचं नाव शारीरिक शिक्षण संचालक. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार शारीरिक शिक्षणात ५५ टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी, नेट-सेट किंवा पीएच.डी. आणि स्वतः स्पर्धांत खेळल्याची नोंद हवी. सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. मात्र अनुदानित जागांची भरती रेंगाळते, अनेकांना आधी कंत्राटी काम करावं लागतं. पालकांनी ही काही वर्षं हिशेबात धरावीत.

म्हणून पदवीच्या पहिल्याच वर्षी जिमखाना समितीत शिरावं, अर्ज भरावेत, खर्चाची वही लिहावी. स्वतःचा सराव मात्र सोडू नये. या पदासाठी शारीरिक चाचणीही असते: तिशीपर्यंतच्या पुरुषांना १२ मिनिटांत १८०० मीटर, महिलांना ८ मिनिटांत १००० मीटर.